दुपट्ट्याखालची अमेरिका

अमेरिका संध्याकाळी सात वाजता उघडते, हे मला आमच्या घरमालकांमुळे कळलं. तिथला शेअर बाजार उन्हाळ्यात सातला, हिवाळ्यात आठला. तिकडचे लोक वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करतात, आणि त्यांच्यासोबत नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीतला हा एक म्हातारा आपली जेवणाची वेळ मागेपुढे करायचा. "दुकान उघडल्याशिवाय मालकानं जेवू नये," असं त्यांचं म्हणणं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ते जिन्यातून आत ओरडायचे, "आजपासून भाजी आठला टाकजो वं!"

आणि मालकीणकाकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अमेरिकेले सांगा, गॅस संपला."

या माणसाचा मी हेवा केला. त्यांच्या पैशांचा नव्हे. पैसेवाल्यांविरुद्ध लिहायला मी लहानपणीच शिकले होते. हेवा वेगळ्या गोष्टीचा होता. संध्याकाळी सात वाजले की माझे बाबा हातातलं काम टाकून चपला पायात सरकवायचे आणि जिना चढून त्यांच्या गच्चीवर जायचे.

ती वेळ आधी माझी होती. आम्ही त्यांच्या घरात खाली भाड्यानं राहायचो. पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आई गेल्यानंतर आम्ही म्हणजे बाबा आणि मी. माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. 'बंधू आणि भगिनींनो' हे शब्द मी पाटीवर गिरवण्याआधी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत उलटे वाचले. लग्नपत्रिका छापून आमचं घर चालायचं, आणि घर चालून जे उरायचं त्यातून बाबा पुस्तिका छापायचे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आमचा स्टॉल लागायचा. मी लिहायला लागले तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबा लाल पेन घेऊन माझी पानं वाचायचे. विशेषणं कापायचे. "एवढी चिडलीस तर वाचणारा कशाला चिडेल? त्याचं काम तूच करून टाकलंस," म्हणायचे. मला ते कापलं जाणं आवडायचं.

मग मालकांनी मार्केटची गादी पुतण्याकडे दिली आणि ते दिवसभर घरी राहू लागले. आणि माझी संध्याकाळ गेली.

मालक कळमना मार्केटमधले संत्र्याचे अडते. आयुष्यभर शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून दिला आणि मधली अडत घेतली. उंच, किंचित वाकलेले. उजव्या अंगठ्याचं नख कायमचं पिवळं. खांद्यावर बारा महिने एक पांढरा दुपट्टा. तो दुपट्टा शोभेचा नव्हता. त्यांच्या वडिलांच्या काळात भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली हातात हात घेत आणि बोटं दाबून आकडा सांगत. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोन हातांतच राहायचा. आता मार्केटमध्ये उघडा लिलाव होतो, ही पद्धत केव्हाच गेली. मालकांच्या घरातून मात्र गेली नव्हती. दूधवाल्याचा हिशेब, रंगाऱ्याची मजुरी, आमची भाडेवाढ, सगळं दुपट्ट्याखाली. आकडा तोंडातून काढणं त्यांना उघडं नागडं वाटायचं.

बाबांना त्यांनी ही भाषा शिकवली. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर जायची तर दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी बसलेले. मालकांच्या मांडीवर फोन. बाबा विचारायचे, "आज काय भाव?" मालक दुपट्टा पुढे करायचे. बाबांचा हात त्याखाली जायचा. दोघांचे चेहरे सरळ समोर, पाण्याच्या टाकीकडे. मग बाबा मान हलवायचे, "वा!" किंवा, "अरे अरे."

"किती?" मी विचारायची.

"तुले काय करायचं आहे वं, पत्रकबाई?" मालक म्हणायचे. "तुमचा तर आमच्यावर बहिष्कार आहे ना?"

मी ओल्या चादरीमागे उभी राहून दात खायची. मी बाबांची मुलगी, पण माझा हात त्यांनी तसा कधी धरला नव्हता.

अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर घ्यायची त्यांची एक रीत होती. जे फोडून पाहिलं नाही ते घ्यायचं नाही. संत्र्याच्या ढिगातलं एक फळ फोडून चाखल्याशिवाय त्यांनी कधी बोली लावली नव्हती. तोच कायदा त्यांनी अमेरिकेला लावला. दाढीचं यंत्र विकत आणून त्याचे स्क्रू खोलले. शीतपेयाची बाटली उन्हात ठेवून चव बदलते का पाहिलं. एकदा कोराकरकरीत महागडा बूट आणला आणि काकूंच्या विळीवर त्याचा तळ उभा चिरला. काकू डोक्याला हात लावून बसल्या. मालकांनी तळाचे थर दाबून, हुंगून पाहिले आणि म्हणाले, "माल चांगला आहे." त्या संध्याकाळी त्यांनी त्या कंपनीचा अर्धा शेअर घेतला. तिकडचे शेअर असे तुकड्यानंही मिळतात.

"बूट एक फाडला आणि कंपनी अर्धी घेतली," काकू गल्लीभर सांगत फिरल्या.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला ते भाडं घ्यायचे नाहीत. "आज आपली सुट्टी आहे," म्हणून पैसे परत द्यायचे. दुसऱ्या दिवशी बरोबर मागायला यायचे.

आणि त्यांचं एक पालुपद होतं. कुणी नफ्याची बढाई मारली की ते म्हणायचे, "भाव नको सांगू बाप्पा, पट्टी सांग." पट्टी म्हणजे माल विकल्यावर अडत्या शेतकऱ्याला देतो तो हिशेबाचा कागद. वर भाव, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, अशा एकेक कटत्या. सगळं वजा होऊन तळाशी जे उरतं तेच शेतकऱ्याचं. भाव ऐकून माणूस खूश होतो आणि पट्टी पाहून घरी जातो, असं ते सांगायचे, आणि ते सांगताना त्यांना अजिबात लाज वाटायची नाही. निम्म्या कटत्या त्यांनी स्वतः कापलेल्या होत्या.

म्हणून मी त्यांच्यावर पत्रक काढलं. त्यांच्याच घरात राहून, त्यांच्याच भिंतीला टेकलेल्या मशीनवर छापून. 'कटती: संत्र्याची साल कोण काढतो?' नाव न घेता अडत्यांची एकेक वजाबाकी लिहिली. आता घर खाली करायला सांगतील, याची मी जवळजवळ वाट पाहत होते. सोसायला मी तयार होते. मालकांनी चष्मा लावून पत्रक उभ्यानं वाचलं, एक गठ्ठा विकत घेतला आणि पुतण्याच्या हाती मार्केटमध्ये वाटायला पाठवला. मग मला म्हणाले, "चांगलं लिहिलं. पण एक कटती राहिली तुझी."

"कोणती?"

"नमुन्याची फळं. भाव कराले आलेला एकेक जण फोडून खातो, दोन खिशात टाकतो. ते कोणाचे जातात? शेतकऱ्याचे. पट्टीवर लिहीत नाही कोणी." आणि बाबांकडे पाहून, "पोरगी हुशार आहे जी. थोडी उघड्यावर बोलते."

बाबा हसले. मी लिहिलेल्या पत्रकावर बाबा आणि मालक मिळून हसले. त्या दिवसापासून मी त्यांना शत्रू मानलं. शत्रूनं रागवायला हवं होतं. शत्रूनं गठ्ठा विकत घेतला.

पुढे बाबांनी मशीन विकली. लग्नपत्रिका फोनवर जायला लागल्या होत्या, पुस्तिका बाहेर ऑफसेटवर स्वस्त पडत होत्या. मशीन उचलून नेली त्या दिवशी पुढच्या खोलीच्या फरशीवर तिचे चार पाय उमटलेले राहिले. आलेले पैसे फार नव्हते, पण बाबांच्या हातात एकरकमी आलेली ती पहिलीच रक्कम. त्यातून माझी पहिली मोठी पुस्तिका निघेल, असं मी धरून चालले होते. बोलले नव्हते. बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं.

एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "मशीनचे पैसे मी अमेरिकेत लावावे म्हणतो."

मला आधी गंमत वाटली. मग दिसलं की ते बँकेत जाण्यासाठी दाढी करून बसले आहेत.

"बाबा, तुम्ही? भांडवलशाहीवर पुस्तिका छापलेला माणूस?"

"आयुष्यभर वाटा मागितला," बाबा शांतपणे म्हणाले. "निवेदनं दिली, मोर्चे काढले. आपल्या लोकांनी कंपनीत नोकरी मागितली, मालकी कोणी पाहिली? आणि हे गृहस्थ म्हणतात वाटा दुकानात मिळतो. पाव घ्या, अर्धा घ्या."

"त्यांच्या दलालाकडे पाव शेअरला मतसुद्धा नसतं! मी वाचलंय. मालक कसले?"

"तुझ्या पत्रकाला तरी कुठं मत असतं?"

मी कप उचलून आत गेले. हे वाक्य बाबांचं नव्हतं. त्याची धाटणी गच्चीवरची होती.

त्या दिवशी बँकेत कुठलासा कागद कमी पडला आणि काम लांबलं. मी तेवढ्या वेळाचा फायदा घेतला. शत्रूला त्याच्याच शस्त्रानं मारायचं ठरवलं: अमेरिकेच्या शेअरची पट्टी लिहायची. बँकांच्या आणि दलालांच्या संकेतस्थळांवरचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचला. लोकांची आयकर विवरणं भरून देणाऱ्या एका मैत्रिणीला प्रश्न विचारून विचारून जेरीस आणलं. आणि खरं सांगते, मला मजा आली. ज्या जाहिरातीत 'कमिशन शून्य' असं लिहिलेलं असतं तिच्याखाली खाणाऱ्यांची पंगत बसलेली असते. रुपये पाठवायला बँकेची फी. डॉलर देताना बाजारापेक्षा महाग लावलेला भाव. हा कुठल्याच पावतीवर खर्च म्हणून दिसत नाही, भावातच मुरलेला असतो. रक्कम मोठी असेल तर बँक वरून कर कापून ठेवते. तो पुढे हिशेबात मिळतो, पण तोवर तुमचा पैसा अडकून पडतो. कंपनीनं लाभांश दिला की त्यातला चौथा हिस्सा तिकडचं सरकार आधीच कापून घेतं. विकून फायदा झाला तर इकडे कर. पैसे परत आणायला पुन्हा फी, पुन्हा डॉलरचा भाव, या वेळी उलट्या बाजूनं कापलेला. आणि दरवर्षी आयकराच्या विवरणात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता. पाव शेअर असला तरी तो भरायचा. विसरलात तर दंड असा की शेअर बुडालेले परवडले असं वाटावं.

पत्रक लिहून झालं त्या दिवशी बाबांचे कागद पुरे झाले होते. दुसऱ्या सकाळी ते बँकेत जाणार होते. मी पानं घेऊन गच्चीवर गेले. आठ वाजायचे होते. काकू जिन्याच्या तोंडाशी तांदूळ निवडत होत्या. मालक संत्रं सोलत होते, बाबा शेजारी.

"मला काही वाचून दाखवायचं आहे," मी म्हटलं.

"बसा ना पत्रकबाई. आज कोणाची साल काढून राहिली?"

"तुमची."

मी उभ्यानंच वाचलं. आवाज चढला तसा चढू दिला. शेवटची ओळ झाली. मालकांनी एक फोड माझ्यापुढे धरली, मी घेतली नाही, ती त्यांनी बाबांना दिली.

"बरोबर आहे," मालक म्हणाले. "वाटेतला नाका राहिला फक्त. आपल्या बँकेतून त्यांच्या बँकेत जाता जाता मधात तिसरी बँक असते. तीही कधी कधी हात मारते." मग बाबांकडे वळून, "पण हे तुमाले काहून वाचून दाखवून राहिली ही?"

बाबांनी सांगितलं. मशीनचे पैसे, उद्या बँक.

मालक संत्रं सोलायचे थांबले. "तुम्ही लावता? माल किती आहे?"

आणि त्यांनी दुपट्टा पुढे केला. बाबांचा हात त्याखाली गेला. आमच्या घरातला आकडा, जो मला कधी कुणी सांगितला नव्हता, माझ्या डोळ्यांसमोर कापडाखालून त्या माणसाच्या हातात गेला. तेवढा हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नाही.

मालकांनी मान हलवली. "नका लावू जी. चार क्रेट संत्र्यासाठी पूर्ण गाडी करतं काय कोणी? जायाचं भाडं तेवढंच, याचं भाडं तेवढंच, अन् माल थोडा. हिनं लिहिलं ते सगळं मले परवडते, कारण माझा माल मोठा आहे. तुमचा भाड्यातच जाईन."

"बरं," बाबा म्हणाले.

बरं! इतके दिवस मी घसा फोडून जे सांगत होते त्याला 'बरं'. आणि तेही त्यांना.

"मले आधी विचारलं काहून नाही?" मालक म्हणत होते. "रोज येता तुम्ही."

"मला वाटलं तुम्ही सांगाल," बाबा म्हणाले.

"मी समजलो तुम्ही बसाले येता."

दोघंही जरा ओशाळले. मला ते बघवेना. मी जिंकले होते आणि माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. म्हणून जे मी पत्रकात शेवटी लिहायचं म्हणून राखून ठेवलं होतं, ते काढलं.

"मालक," मी म्हटलं, "एक कटती तुमची राहिली."

त्यांनी भुवया वर केल्या. आवडलं होतं त्यांना.

"तुम्ही मेल्यावरची."

काकूंचा तांदळाच्या ताटातला हात थांबला.

"तिकडचे शेअर बाळगणारा बाहेरचा माणूस गेला, आणि त्याचा माल ठरावीक मर्यादेच्या वर असला, तर तिथलं सरकार आधी आपला वाटा काढतं. चढत्या दरानं. मग वारसानं तिकडच्या कचेरीला कागद पाठवत बसायचं. तुमचा माल त्या मर्यादेच्या वर आहे ना?"

मालकांनी दुपट्टा माझ्याकडे सरकवला. पहिल्यांदाच. "किती?"

माझा हात पुढे जायला निघाला होता. मी तो मागे घेतला. "मी उघड्यावर बोलते," म्हटलं. "वरच्या टप्प्याला शेकडा चाळीस."

आकडा गच्चीवर मोठ्यानं वाजला. कोपऱ्यातल्या टाकीत पाणी पडत होतं. मालकांच्या मांडीवरच्या फोननं किणकिण केली. अमेरिका उघडली होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. जिन्याकडे पाहिलं.

"हे मले कोणी नाही सांगितलं," ते म्हणाले. आणि मग काकूंना, "तू लिहीत बसशील काय वं, इंग्रजीत?"

"मी कायले लिहू?" काकू म्हणाल्या. "मरा तर खरं आधी." पण उठून ताट घेऊन खाली गेल्या, आणि जिन्यातून त्यांचा आवाज आला, "भाजी टाकू का?"

"टाक," मालक म्हणाले. त्या दिवशी ते दुकान न पाहता जेवले.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी अमेरिका विकली. एकदम नाही, ढिगाढिगानं, चांगला भाव पाहून. बूटही गेला, दाढीचं यंत्रही. डॉलरचा उलटा भाव, कर, फी, सगळ्या कटत्या भरल्या आणि एका दुपारी खाली येऊन बाबांना म्हणाले, "पट्टी झाली जी. उरलं ते आपलं." काकूंनी त्या दिवशी साडेसहालाच ताट वाढलं आणि म्हणाल्या, "सुटली बापा, अमेरिका."

तोवर माझी पुस्तिकाही निघाली होती, मशीनच्या पैशांतून. 'भाव नको, पट्टी सांगा.' मी लिहिलेल्या सगळ्यांत तीच खपली. स्टॉलवर आयटीतली मुलं, बँकेतले बाबू येऊन विचारायचे, "ते अमेरिकावालं आहे का?" तापलेली वाक्यं कुणाला आठवत नव्हती, सगळ्यांना पट्टी आठवत होती. म्हणजे मालकांचीच चीज.

तरी मी खूश होते, कारण आता सात वाजता वर काहीच उघडणार नव्हतं. पट्टी झाली त्याच संध्याकाळी मी पानं काढली, लाल पेन शोधून टेबलावर ठेवलं आणि बसले. सात वाजले. बाबांनी चपला पायात सरकवल्या.

"कुठं?"

"वर."

"वर आता काय आहे?"

बाबांना प्रश्न कळला नाही. "मालक आहेत," ते म्हणाले आणि गेले.

मी थोड्या वेळानं नसलेल्या चादरी काढायला वर गेले. दोघं त्याच खुर्च्यांवर, फोन नाही, दुपट्ट्याखाली हात. समोरच्या घराचा नवा कूलर कितीपर्यंत जाईल, यावर बोली चालली होती. मग गल्लीत उभी असलेली एक स्कूटर. मग बाबांनी माझ्याकडे पाहून काहीतरी दाबलं आणि मालक खो खो हसले.

"काय झालं?"

"तुझ्या पुस्तिकेचा भाव करून राहिलो."

"किती?"

"उघड्यावर नाही सांगत."

गेल्या वर्षी मालकांनी आम्हा भाडेकरूंसकट घर विकलं आणि काकूंच्या माहेरी, रामटेकला राहायला गेले. काकूंच्या भावाची तिथं धानाची शेती आहे. बाबा देवळाची पायरी न चढणारे. तिथं गडावर रामाचं देऊळ, म्हणून रामटेकला ते उभ्या जन्मात गेले नव्हते. आता दर रविवारी सकाळच्या बसनं जातात. मी एकदा टोमणा मारला तर म्हणाले, "मी गडावर कुठं जातो? त्यांचं घर पायथ्याशी आहे."

मागच्या रविवारी निघताना बाबांनी माझ्या टेबलावरची नव्या पुस्तिकेची पानं उचलून पिशवीत घातली. मी ती नेऊ दिली. दिवसभर मात्र एकही ओळ लिहिली नाही. संध्याकाळी बस सुटल्याचा फोन आला तेव्हापासून मी फाटकाशी होते.

ते आले, पाणी प्यायले, पिशवीतून पानं काढून टेबलावर ठेवली. पानांवर लाल खुणा होत्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं. "किती पानं कापायला सांगितली?"

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. तो मालकांचा जुना होता, कडेला संत्र्याचा डाग असलेला. त्यांनी तो माझ्या हातावर टाकला, खालून माझा हात धरला आणि भिंतीकडे पाहत माझी बोटं एकेक करून दाबली. एक. दोन. तीन.

"तीन?" मी कुजबुजले.

"त्यांची अडीच," बाबा म्हणाले. "अर्धं माझं."